मूळ सामानाची पिशवी

गाडीबरोबर एक पिशवी आली.
माइते म्हणाली, "हीपण तुझी. टाकू नकोस."
आत दोन आरसे, एक आखूड हँडल,
मागचा मडगार्ड, इंडिकेटरची चार नारिंगी डोकी,
औषधाच्या डबीत नटबोल्ट,
प्रत्येकाला चिकटपट्टीची चिठ्ठी : कुठला, कुठे.
कंपनीतून गाडी जशी निघाली होती
तशी ती पिशवीत होती.
बाहेर उभी होती ती भलतीच.

एकशे पंचवीस सीसी.
भाचा म्हणाला, "मावशी, हे तर शिवणयंत्र."
असू दे. मी त्रेचाळीस वर्षांची,
क्लच म्हणजे काय ते या मार्चमध्ये कळलं,
आणि वालपाराइसोच्या आमच्या टेकडीवर
खेचरसुद्धा विचार करून पाय टाकतं.

पहिल्या आठवड्यात चढावर सात वेळा बंद पडली.
सातव्या वेळी मागे पावाची व्हॅन,
व्हॅनमध्ये माझाच मालक.
त्याने हॉर्न वाजवला नाही.
तेच जास्त लागलं.

खरा घोटाळा पायांचा.
अंगठे टेकायचे, टाचा अधांतरी;
सिग्नलला थांबले की
मी आणि गाडी मिळून एक झुकतं माप.
एलिसेओ मेस्त्री म्हणाला,
"सीट तासावी लागेल. पण माझ्याकडे तसली सुरी नाही."

माझ्याकडे होती.
बेकरीतली, दातेरी, हातभर लांब.
सीटचं कातडं पिनापिनांनी सोडवलं,
आतून फोम निघाला,
पिवळा, जाळीदार, जरासा आंबूस,
अगदी कालचा पाव.
मग हाताला काही सांगावं लागलं नाही.
तीन सेंटिमीटर, एका दमात, सलग.
मेस्त्रीने तोंडातली सिगारेट काढली
आणि "नेलिदाबाई" म्हणाला.
आधी नुसतं "अहो" म्हणायचा.

रविवारी टाकी घासायला बसले.
माइतेचा काळा गेला,
खाली कुणाचा तरी पोपटी,
पोपटीखाली निळा, ब्रशने मारलेला, जाड,
खाली बंदरात होड्यांना लावतात तो,
आणि सगळ्यात तळाशी कंपनीचा लाल.
पॉलिश पेपर पाण्यात बुडवत होते, घासत होते,
माझ्या नखांत चार माणसं.

दर थराखाली पुट्टी होती, डाव्या बाजूला.
दर वेळी डावीकडेच.
म्हणजे सगळेच तिकडे पडले होते,
स्टँड विसरून, नाहीतर चढावर पाय न पुरून,
उठले होते, इकडेतिकडे बघितलं होतं,
आणि गुपचूप पुट्टी भरून वर रंग दिला होता.
माझा डावा गुडघा तेव्हा अजून जांभळा होता.
त्या दिवशी तो जरा कमी दुखला.

पिवळा आणला होता मी, डबाभर.
उघडलाच नाही.
टाकी तशीच ठेवली, खरवडलेली,
लालभोवती निळं कडं, निळ्याभोवती पोपटी,
कापलेल्या कांद्यासारखी,
वर पारदर्शक लॅकरचे दोन हात.
भाचा विचारतो, "रंग कधी देणार?"
म्हटलं, "देऊन झाला."

आता पहाटे चारला निघते.
तळवे पुरते टेकतात, टाचांसकट.
जिन्याजवळचा तांबडा कुत्रा
वळणापर्यंत भुंकत येतो, वळणावर थांबतो,
त्याचीही हद्द ठरलेली.
पहिल्या गिअरमध्ये शिवणयंत्र
टेकडीला टाके घालत वर चढतं.

भट्टीवरचा नवा पोरगा, दारियो,
सव्वासहा फूट, पीठ लागलेले हात मागे बांधून
रोज गाडीभोवती एक चक्कर मारतो.
"विकणार का कधी?"
"इतक्यात नाही."
"नाही, सहज विचारलं."
सहज विचारायला त्याने तीन आठवडे घेतले.

फोमचा तो काप मात्र टाकवला नाही.
पावाच्या कागदात गुंडाळला, दोरा बांधला,
चिठ्ठी लावली :
सीट, वरचा थर. उंच माणसाला लागेल.
आरशांच्या शेजारी दाबून बसवला.

पिशवीची चेन आता लागत नाही.